परदेशी शिष्यवृत्ती : नोकरी करणाऱ्यांचे प्रश्न

विकसनशील देशांतल्या नोकरदारांना परदेशात पदव्युत्तर शिक्षणासाठी मिळणाऱ्या शिष्यवृत्त्यांबद्दल वाचकांकडून प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली, पण शंका फिरून त्याच होत्या. म्हणून एकसारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देत आहोत.

प्रश्न : परळच्या एका सार्वजनिक रुग्णालयात मी सहा वर्षं परिचारिका आहे. बी.एस्सी. नर्सिंग झालं आहे. परदेशात पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करायचं आहे. घरून पैसे मिळणार नाहीत. सुरुवात कुठून करू?
— परिचारिका, डोंबिवली

आधी कॅलेंडर घ्या आणि उलटं मोजा. बहुतेक जण विद्यापीठ निवडतात, मग शिष्यवृत्ती शोधतात, आणि तोवर मुदत उलटून गेलेली असते.

अमेरिकेच्या फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपचा अर्ज साधारण मे महिन्यात बंद होतो आणि प्रत्यक्ष जाणं पुढच्या वर्षीच्या ऑगस्ट-सप्टेंबरात होतं. म्हणजे पंधरा महिने आधी. ब्रिटनच्या चिव्हनिंग शिष्यवृत्तीचा अर्ज ऑगस्टमध्ये उघडतो आणि शरद ऋतूत बंद होतो. मुलाखती पुढच्या वर्षी फेब्रुवारी ते एप्रिल, जाणं सप्टेंबरात. जर्मनीच्या डाड या शैक्षणिक देवाणघेवाण संस्थेचा विकासविषयक अभ्यासक्रमांचा कार्यक्रम ‘इपॉस’ नावाने ओळखला जातो. त्यातल्या प्रत्येक अभ्यासक्रमाची मुदत वेगळी असते, पण बहुतेकांची आदल्या वर्षीच्या ऑगस्ट-ऑक्टोबरात संपते. जागतिक बँक आणि जपान सरकारची संयुक्त शिष्यवृत्ती मात्र जाण्याच्याच वर्षाच्या पूर्वार्धात मागवली जाते आणि तिच्या यादीतल्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाल्याचं पत्र आधीच हातात असावं लागतं. प्रवेशाला निधी मिळण्याखेरीज दुसरी कुठलीही अट शिल्लक नको. शेवटच्या सत्राची गुणपत्रिका यायची आहे किंवा इंग्रजीची चाचणी बाकी आहे, असं असेल तर तो अर्ज चालत नाही.

आता तुमच्यापुरतं. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं असतं, त्यामुळे फुलब्राइटची चार वर्षांच्या पदवीची अट तुम्ही पूर्ण करता. त्यांना संबंधित क्षेत्रातला किमान तीन वर्षांचा पूर्णवेळ पगारी अनुभव लागतो, तोही आहे. सार्वजनिक आरोग्य हा त्यांच्या ठरावीक विषयांपैकी एक आहे. चिव्हनिंगलाही तुम्ही पात्र आहात. जागतिक बँकेच्या शिष्यवृत्तीला गेल्या सहा वर्षांतला किमान तीन वर्षांचा विकासाशी निगडित पूर्णवेळ अनुभव लागतो आणि अर्ज करताना नोकरी चालू असावी लागते. ‘अभ्यासाला वेळ मिळावा’ म्हणून नोकरी आधीच सोडली की हा दरवाजा बंद होतो, त्यामुळे राजीनाम्याची घाई करू नका.

इपॉसच्या बाबतीत मात्र तारीख बघा. त्यांना दोन वर्षांचा अनुभव पुरतो, पण शेवटची पदवी साधारण सहा वर्षांपेक्षा जुनी चालत नाही. नोकरीलाच सहा वर्षं झाली असतील तर पदवी त्याच सीमेवर किंवा तिच्यापलीकडे आहे. पदवी प्रमाणपत्रावरची तारीख काढा आणि ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा त्याच्या नियमांशी ताडून पाहा. अनुभव जितका जास्त तितकं चांगलं, असं सगळीकडे नसतं.

राष्ट्रकुल शिष्यवृत्तीचे दोन मार्ग आहेत. एकात आपल्या देशातल्या नामनिर्देशन करणाऱ्या संस्थेमार्फत अर्ज जातो. दुसरी ‘शेअर्ड’ शिष्यवृत्ती, तिचा खर्च ब्रिटिश विद्यापीठही उचलतं. ती खास अशांसाठी आहे ज्यांना स्वतःच्या पैशाने ब्रिटनला जाणं शक्य नाही. तुमच्या परिस्थितीत ही जरूर पाहा. तिच्यासाठी शिष्यवृत्तीचा अर्ज आणि विद्यापीठातल्या प्रवेशाचा अर्ज दोन्ही करावे लागतात. पहिलाच भरून थांबणारे बरेच असतात.

प्रश्न : मुंबई विद्यापीठाची तीन वर्षांची बी.कॉम. पदवी, ६८ टक्के. चार वर्षं गोवंडीत एका संस्थेत शिक्षणाचं काम करतो. तीन वर्षांची पदवी परदेशात चालते का? आणि जर्मन विद्यापीठ ‘ग्रेड’ मागतं ती कशी काढायची?
— कार्यक्रम समन्वयक, चेंबूर

ब्रिटनमध्ये चालते. फुलब्राइटला नुसती तीन वर्षांची चालत नाही. तिच्या जोडीला पूर्ण झालेली पदव्युत्तर पदवी किंवा किमान एक वर्षाचा पूर्णवेळ पदव्युत्तर डिप्लोमा लागतो. पत्रव्यवहाराने केलेला किंवा संध्याकाळचा अर्धवेळ डिप्लोमा त्यात धरला जात नाही. जर्मनीत अभ्यासक्रमागणिक फरक पडतो, आणि चार वर्षांच्या पदवीची अपेक्षा बऱ्याच ठिकाणी असते. अर्ज भरण्याआधी त्या अभ्यासक्रमाच्या समन्वयकाला दोन ओळींची मेल टाका : पदवीचं नाव, कालावधी, विद्यापीठ, आणि ‘ही पदवी चालेल का?’ एवढा एकच प्रश्न. लांब मेलची उत्तरं उशिरा येतात.

जर्मन ग्रेड काढायला सुधारित बव्हेरियन सूत्र वापरतात. कमाल गुणांतून तुमचे गुण वजा करा. कमाल गुणांतून उत्तीर्ण होण्याचे किमान गुण वजा करा. पहिल्या उत्तराला दुसऱ्याने भागा, तीनने गुणा, एक मिळवा. तुमच्या वेळी उत्तीर्णतेची रेषा ४० टक्के असेल तर १०० वजा ६८ म्हणजे ३२, १०० वजा ४० म्हणजे ६०. ३२ भागिले ६० गुणिले ३ म्हणजे १.६, अधिक १ म्हणजे २.६. जर्मनीत १ सर्वोत्तम आणि ४ जेमतेम उत्तीर्ण, म्हणजे आकडा जितका लहान तितका बरा. इथे चूक होते ती उत्तीर्णतेच्या रेषेत. ३५ धरायचे की ४०, हे गुणपत्रिकेच्या मागच्या बाजूला छापलेलं असतं, त्यामुळे स्कॅन करताना मागची बाजूही स्कॅन करा. ती नसली की तपासणारा स्वतःच्या अंदाजाने रेषा धरतो.

ट्रान्सक्रिप्टसाठी, म्हणजे सगळ्या सत्रांच्या गुणांच्या प्रमाणित उताऱ्यासाठी, मुंबई विद्यापीठाकडे वेळेत अर्ज करा. सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, नापास झालेल्या विषयाच्या पुन्हा दिलेल्या परीक्षेच्या धरून, जवळ नसतील तर आधी दुय्यम प्रती काढाव्या लागतात आणि खरा वेळ त्यातच जातो. कलिन्याला फेऱ्या मारायची वेळ आली तर ती ऑक्टोबरात नको, मे-जूनमध्येच येऊ द्या.

प्रश्न : मी मुक्त पत्रकार आहे. पगारपत्रक नाही. अनुभव कसा दाखवायचा?
— ठाणे

चिव्हनिंग अनुभव तासांत मोजतं : किमान २,८०० तास. आठवड्याला ३५ तास, वर्षाला ४० आठवडे, अशी दोन वर्षं म्हणजे बरोबर २,८००. आठवड्याला २० तास काम असेल तर १४० आठवडे लागतील. वेगवेगळ्या कामांचे तास एकत्र मोजता येतात, त्यामुळे मुक्त पत्रकारितेला अडचण नाही. मात्र एका आठवड्यात दोन वृत्तपत्रांसाठी केलेलं काम दोनदा पूर्ण आठवडा म्हणून लिहू नका. बेरीज आठवड्याला ७० तासांवर गेली की संशय येणारच.

पुरावा म्हणून प्रत्येक संपादकाकडून एका परिच्छेदाचं पत्र घ्या : कधीपासून कधीपर्यंत, साधारण आठवड्याला किती तास, कुठल्या विषयावर. त्याला मानधन जमा झाल्याच्या बँक नोंदी आणि विवरणपत्रं जोडायला तयार ठेवा. फुलब्राइट मात्र पूर्णवेळ पगारी अनुभव म्हणतं, तिथे तासांची बेरीज चालत नाही.

प्रश्न : महापालिकेच्या जलखात्यात दुय्यम अभियंता आहे. निबंधात ‘नेतृत्व’ विचारतात. मी कुणाचा नेता नाही. हाताखाली चार कामगार आहेत. तक्रारी आल्या की गळती शोधतो. मागे एकदा वर्षभराच्या तक्रारी नकाशावर मांडल्या होत्या, त्यातून तीन गल्ल्यांत वारंवार गळती होते हे कळलं आणि ती लाइन बदलून घेतली. एवढंच.
— अंधेरी

‘एवढंच’ म्हणून जे शेवटी लिहिलंत, तोच तुमचा निबंध आहे.

आपल्याकडच्या अर्जांत दोन सवयी फार दिसतात आणि दोन्ही मराठी कचेऱ्यांतून आलेल्या आहेत. पहिली, ‘कार्यवाही करण्यात आली’. तीच इंग्रजीत उतरते आणि कुणी केलं हे वाचणाऱ्याला कळतच नाही. दुसरी, स्वतःबद्दल बोलायचा संकोच. ‘मी केलं’ म्हणणं आपल्याला आढ्यता वाटते, म्हणून प्रत्येक वाक्य ‘आमच्या टीमने’ने सुरू होतं. निवड समितीला टीमला शिष्यवृत्ती द्यायची नसते. मी काय पाहिलं, मी काय ठरवलं, मी कुणाला पटवलं, हे लिहावंच लागतं. त्यात खोटं काही नाही.

तुमच्या बाबतीत मांडणी अशी करता येईल. शब्दमर्यादा ३०० असेल तर पहिले ४०-५० शब्द परिस्थितीला : किती लोकसंख्येचा भाग, किती लांबीची जलवाहिनी, महिन्याला किती तक्रारी. मग १५० शब्द तुमच्या कृतीला. तक्रारी कुठून गोळा केल्या? कागदी नोंदवहीतून की संगणकातून? नकाशावर मांडायला किती दिवस लागले, की ते काम ड्युटी संपल्यावर केलंत? लाइन बदलायला वरिष्ठ लगेच तयार झाले का? नसतील झाले, तर काय दाखवून पटवलंत? कामगारांचं म्हणणं काय होतं? रस्ता खणायला परवानगी कुणाकडून घेतलीत? नेतृत्व इथे आहे, अधिकार नसताना लोकांना बरोबर घेण्यात. उरलेले शब्द परिणामाला. आधी महिन्याला इतक्या तक्रारी, नंतर इतक्या. हे आकडे खात्याच्या नोंदींतले असू द्या. मुलाखतीत ‘हा आकडा कसा मोजलात?’ हा प्रश्न हमखास येतो. अंदाजाचा आकडा असेल तर ‘माझ्या नोंदीनुसार’ असं लिहा.

चिव्हनिंगमध्ये नेतृत्वाखेरीज ओळखी जोडणं (नेटवर्किंग), ब्रिटनमधला अभ्यास आणि पुढची कारकीर्द यांवरही लिहावं लागतं. चारही उत्तरांत एकच गोष्ट पुन्हा सांगू नका, पण चारही एकाच माणसाची वाटली पाहिजेत. नकाशा मांडणारा अभियंता अभ्यासक्रमाच्या उत्तरात अचानक ‘व्यवस्थापन कौशल्ये वाढवण्यासाठी’ एम.बी.ए. मागू लागला तर धागा तुटतो. पाणीगळती आणि शहरी जलव्यवस्थापन यांवरचे तीन अभ्यासक्रम निवडा. चिव्हनिंगला तीन पर्याय द्यावे लागतात, आणि ते एकमेकांशी मिळतेजुळते असावेत. प्रत्येकातल्या एकेका विषयाचं नाव घेऊन तो का हवा ते सांगा. विद्यापीठाच्या जाहिरात पत्रकातली ‘जागतिक दर्जाचे प्राध्यापक’ ही ओळ प्रत्येक अर्जात असते, ती तुमच्या अर्जात नको.

पुढच्या कारकिर्दीच्या उत्तरात ‘परत येऊन देशसेवा करीन’ असं लिहू नका. भावना खरी असली तरी त्यावर गुण देता येत नाहीत. परत आल्यावर पहिल्या दोन वर्षांत कुठल्या खात्यात, कुठल्या पदावर, काय करायचं आहे ते लिहा. जमलं तर ते एखाद्या प्रत्यक्ष आराखड्याशी जोडा. मुंबईचा हवामान कृती आराखडा २०२२ साली जाहीर झाला, त्यात जलसंसाधनांचाही विचार आहे. तो वाचून तुमचं काम त्यात कुठे बसतं हे दोन वाक्यांत सांगता आलं तर उत्तर एकदम ठोस होतं.

निबंध आधी मराठीत लिहा आणि मोठ्याने वाचा. पोकळ वाक्य मराठीत लगेच कानाला खटकतं, इंग्रजीत ते भारदस्त वाटतं. मग इंग्रजीत पुन्हा लिहा, शब्दाला शब्द ठेवून भाषांतर करू नका. दुसऱ्याचा निबंध किंवा यंत्राने लिहून दिलेला मजकूर वापरू नका. नक्कल तपासली जाते आणि सापडली तर अर्ज बाद होतो.

प्रश्न : शिफारसपत्र मागितलं तर सर म्हणाले, ‘तूच लिहून आण, मी सही करतो.’ चालेल का?
— विक्रोळी

नाही. तुमच्या निबंधाची आणि पत्राची भाषा सारखी निघाली की दोन्हींवरचा विश्वास जातो. सर कामात असतील हे खरं, म्हणून त्यांचं काम सोपं करा : तुमचा बायोडेटा, अभ्यासक्रमाचं नाव, शेवटची तारीख, आणि त्यांच्यासमोर घडलेले तुमच्या कामाचे तीन प्रसंग एका कागदावर मुद्द्यांत लिहून द्या. वाक्यं त्यांची असू द्या. मुदतीच्या किमान सहा आठवडे आधी विचारा.

मोठ्या पदावरच्या, पण तुम्हाला न ओळखणाऱ्या माणसाचं पत्र घेऊ नका. रोज काम पाहणाऱ्या सुपरवायझरचं पत्र आमदारांच्या पत्रापेक्षा कितीतरी उपयोगी. जर्मन अर्जांत कागदी पत्र असेल तर लेटरहेड, ताजी तारीख, सही आणि शिक्का चारही हवेत. ऑनलाइन पत्र असेल तर शिफारस करणाऱ्याचा कार्यालयीन ईमेल द्या, आणि त्यांच्या वतीने तुमच्या लॅपटॉपवरून पत्र चढवू नका. चिव्हनिंग शिफारसपत्रं मुलाखतीसाठी निवड झाल्यावर मागतं, पण शिफारस करणाऱ्यांशी आधीच बोलून ठेवा.

प्रश्न : गुणपत्रिकेवर माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं. शिवाय गुणपत्रिकेवर आईचं नाव शेवटी आहे. अर्जात काय लिहू?
— बोरिवली

अर्जात पासपोर्टवर आहे तेच नाव, त्याच स्पेलिंगने आणि त्याच क्रमाने. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं, वडिलांचं आणि आईचं नाव येतं. परदेशातला लिपिक शेवटच्या शब्दाला आडनाव समजतो आणि त्याच्या संगणकात तुम्ही आईच्या नावाने नोंदल्या जाता. म्हणून गुणपत्रिकांच्या फाइलच्या पहिल्या पानावर एक छोटं स्पष्टीकरण जोडा : कुठला शब्द कुणाचं नाव आहे. त्यासोबत विवाह प्रमाणपत्र. ते मराठीत असेल तर प्रमाणित इंग्रजी भाषांतर हवं. लग्नानंतर स्वतःचं नावही बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रातली नावबदलाची नोंद लागेल. ती नसल्यास आत्ताच अर्ज करा, शिष्यवृत्ती मिळाल्यावर व्हिसाच्या घाईत नको. इंग्रजीच्या चाचणीलाही पासपोर्टवरचंच नाव द्या.

प्रश्न : ‘पूर्ण शिष्यवृत्ती’ म्हणजे खिशातून एक रुपया जात नाही का? बायको आणि मुलगी बरोबर येऊ शकतील का?
— कल्याण

खिशातून जातात, आणि बहुतेक सगळे निवड होण्याआधीच जातात : ट्रान्सक्रिप्ट, इंग्रजीची चाचणी, भाषांतरं, काही विद्यापीठांचं अर्जशुल्क. आयईएलटीएस या इंग्रजी चाचणीचा निकाल दोन वर्षंच चालतो, म्हणून फार लवकर देऊन ठेवण्यात फायदा नाही. काही ब्रिटिश विद्यापीठं बारावीच्या इंग्रजीचे गुण चांगले असतील तर ही चाचणी माफ करतात, आधी विचारून बघा.

चिव्हनिंगमध्ये शिक्षणशुल्क, मासिक भत्ता, जाण्या-येण्याचं विमानभाडं आणि व्हिसाचा खर्च येतो. युरोपच्या इरास्मस मुंडुस मास्टर्समध्ये महिन्याला १,४०० युरो मिळतात, पण विमानभाडं, व्हिसा आणि घराची सुरुवातीची अनामत सगळं त्यातूनच. हे अभ्यासक्रम दोन-तीन देशांत फिरतात, म्हणजे प्रत्येक वेळी नवं घर, नवी अनामत. पहिला हप्ता पोचेपर्यंत चालवायला दोन महिन्यांचा खर्च जवळ ठेवा.

कुटुंबासाठी बहुतेक शिष्यवृत्त्या वेगळे पैसे देत नाहीत. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून (संशोधनाऐवजी) वर्गात शिकवल्या जाणाऱ्या मास्टर्सच्या विद्यार्थ्यांना कुटुंब नेण्यावर बंदी घातली, मात्र सरकारी शिष्यवृत्तीवर गेलेल्यांना त्यातून सवलत आहे. तरी त्यांचा खर्च तुमचा. मुंबईत जमशेटजी टाटांनी १८९२ साली सुरू केलेली जे. एन. टाटा एन्डाउमेंट आहे. ती कर्जरूपी शिष्यवृत्ती आहे, पैसे परत करायचे असतात. पूर्ण शिष्यवृत्तीला पर्याय म्हणून नव्हे, तूट भरून काढायला तिचा विचार करा.

प्रश्न : परत यायची अट असते म्हणतात. आणि मी सरकारी नोकरीत आहे.
— वडाळा

असते. चिव्हनिंगनंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं. फुलब्राइटवर जाणाऱ्यांना मिळणाऱ्या जे-१ व्हिसालाही दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट आहे. ती पूर्ण होईपर्यंत अमेरिकेत स्थायिक होण्याचा व्हिसा मिळत नाही. ही अट नवी नाही. १९१३ साली बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीही परत येऊन दहा वर्षं संस्थानाची सेवा करण्याचा करार केला होता. परदेशातच स्थायिक व्हायचं मनात असेल तर ह्या शिष्यवृत्त्यांच्या वाटेला जाऊ नका. तुम्ही नेलेली जागा खरोखर परत येणाऱ्या कुणाची तरी असते.

राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी महाराष्ट्र नागरी सेवा (रजा) नियम, १९८१ मध्ये अध्ययन रजेची तरतूद आहे. रजेच्या बदल्यात बंधपत्र लिहून द्यावं लागतं. शिष्यवृत्तीची अट आणि बंधपत्राची मुदत एकमेकांच्या आड येत नाही ना, हे आस्थापना शाखेकडून लेखी घ्या. अर्ज योग्य मार्गाने जायला वेळ लागतो, त्यामुळे ना हरकत प्रमाणपत्राची फाइल शिष्यवृत्तीचा अर्ज उघडायच्या आधीच टेबलावर गेलेली बरी.

प्रश्न : दादरला एक एजंट ८० हजारांत शिष्यवृत्ती ‘करून देतो’ म्हणतो.
— परळ

देऊ नका. वर नाव घेतलेल्या एकाही परदेशी शिष्यवृत्तीच्या अर्जाला शुल्क नाही आणि मध्यस्थही नाही. फुलब्राइटचं काम पाहणाऱ्या युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशनचं कार्यालय मुंबईतच आहे. त्यांची माहितीसत्रं होतात, तिथे थेट विचारा.

प्रश्न : दोन वर्षं नकार आला. तिसऱ्यांदा भरू का?
— मुलुंड

भरा, पण जुना अर्ज तारखा बदलून पाठवू नका. कारण सांगितलं जात नाही, तेव्हा टप्पा बघा. मुलाखतीआधीच नकार आला असेल तर दोष बहुधा निबंधांत किंवा पात्रतेत आहे. मुलाखतीनंतर आला असेल तर कागद ठीक आहेत. मग दोन ओळखीच्यांना समोर बसवा, वीस मिनिटांचं घड्याळ लावा, आणि ‘हाच अभ्यासक्रम का, आत्ताच का, परत येऊन पहिल्या सहा महिन्यांत काय’ हे तीन प्रश्न त्यांना उलटसुलट विचारायला लावा. ते फोनवर रेकॉर्ड करा. जिथे उत्तर दोन मिनिटांच्या वर गेलंय किंवा निबंधातलं वाक्य जसंच्या तसं आलंय, तिथे खूण करा आणि तेवढंच पुन्हा तयार करा. शिवाय गेल्या अर्जानंतरच्या वर्षात कामात काय नवं घडलं ते निबंधात आलं पाहिजे. काहीच घडलं नसेल तर ह्या वर्षी थांबून पुढच्या वर्षी भरलेला अर्ज जास्त भक्कम ठरेल. फक्त इपॉसची सहा वर्षं तोवर सरत नाहीत ना, तेवढं तपासा.